एक्कावन्नावा ब्लाउज

लग्नसराई जवळ आली की कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानांतली मशीनं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. त्याच सुमारास मोबाइलवर जाहिराती फिरायला लागतात. हजारो डिझाइनं, एकच पेनड्राइव्ह, किंमत दोन प्लेट मिसळीएवढी. मोर आहे, कमळ आहे, राधाकृष्ण आहेत, पैठणीचा काठ आहे, राजमुद्रा आहे. घेणारे घेतात. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. आणि ज्याने ती डिझाइनं मान मोडून, दिवसदिवस स्क्रीनसमोर बसून केली त्याला ती कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये गेली याचा पत्ताही नसतो.

या विषयावर दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. एक, "फुलापानांवर कसला आलाय कॉपीराइट?" दुसरं, "कॉपी केली की सरळ जेल." दोन्ही अर्धवट आहेत. का, ते समजून घ्यायचं तर मागे जावं लागेल, चांगलं पाचशे वर्षं. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

१५२३ च्या सुमारास जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात योहान शेनस्पर्गर नावाच्या मुद्रकाने भरतकामाच्या नमुन्यांचं एक पुस्तक छापलं. लाकडी ठशांवर कोरलेल्या वेलबुट्ट्या, किनारी, चौकडीवर मोजून भरायच्या नक्ष्या. पुस्तक चाललं. १५२७ मध्ये कोलोनच्या पेटर क्वेंटेलने तसंच पुस्तक काढलं आणि त्यात आधीच्या पुस्तकांतले नमुने बिनदिक्कत उचलले. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये ताल्यिएंतेचं पुस्तक आलं. मग इटलीवाले जर्मनांचं उचलतात, जर्मन इटलीचं, फ्रेंच दोघांचंही. पुढच्या शंभरेक वर्षांत अशी शंभराहून जास्त पुस्तकं निघाली. १५८७ मध्ये पॅरिसमध्ये फेदेरिको विंचिओलोने आपलं पुस्तक फ्रान्सच्या राणीला अर्पण केलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

ही पुस्तकं आज फार थोडी उरली आहेत, कारण ती वापरून संपली. बाई पान फाडायची, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, पान कापडावर ठेवून वरून कोळशाची पूड घासायची. खाली ठिपक्यांची नक्षी उमटायची. मुंबईतल्या जरीच्या कारखान्यात आजही हेच चालतं. तिथे त्या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात.

कुठे कुठे मुद्रकाला राजाकडून छपाईची सनद मिळायची. ती असायची दुसऱ्या छापखान्याविरुद्ध. घरी बसून नक्षी भरणारी बाई त्यात कुठेच नव्हती. पुस्तक विकलं जायचं तेच मुळी तिने गिरवावं म्हणून. भरतकामाच्या नक्षीचा हा स्वभाव लक्षात ठेवा. कथा वाचली की तिचा उपयोग झाला. नक्षीचं तसं नाही, ती पुन्हा उतरवली तरच कामाची.

आता कायद्याकडे. कापडावरच्या नक्षीला संरक्षण देणारा इंग्लंडमधला पहिला कायदा १७८७ चा. तो भरतकामासाठी नव्हता, छापील सुती आणि लिनन कापडासाठी होता. मुदत किती? दोन महिने. होय, दोनच. १७९४ मध्ये ती तीन महिने झाली. लंडनकडचे कापड छापणारे, विल्यम किलबर्नसारखे चित्रकार, नवी नक्षी काढायचे आणि उत्तरेकडचे लोक काही दिवसांत तिची नक्कल काढून स्वस्तात विकायचे. म्हणून लंडनवाल्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली. पुढे पंतप्रधान झालेल्या रॉबर्ट पीलचे वडील कापड छपाईतलं बडं प्रस्थ. ते उत्तरेच्या बाजूने, म्हणजे विरोधात.

गंमत पुढेच आहे. ज्या मालासाठी हे भांडण झालं त्या मालाचं इंग्रजी नाव चिंट्झ, म्हणजे आपली छींट. कॅलिको हे नाव कालिकतवरून, म्हणजे कोझिकोडवरून आलेलं. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं आणि गुजरातचं कापड सतराव्या शतकात इंग्लंडने डोक्यावर घेतलं. मग तिथल्या विणकरांनी आरडाओरड केली. १७०० च्या कायद्याने आपल्या छापील कापडाच्या आयातीला चाप लागला आणि १७२१ च्या कायद्याने ते अंगावर घालायलाही बंदी झाली. मधल्या काळात तिकडच्यांनी आपल्या वेली, आपली फुलं, आपले रंग गिरवून स्वतःचा धंदा उभा केला. तेव्हा नक्षी कुणाची हा प्रश्न कुणालाच पडला नाही. इंग्रजाने इंग्रजाचं उचललं तेव्हा मात्र पार्लमेंट हललं.

एकोणिसाव्या शतकात मामला घरगुती झाला. बर्लिनच्या चित्र विकणाऱ्यांनी चौकटीच्या कागदावर हाताने रंग भरलेले नमुने विकायला सुरुवात केली. एक चौकट, एक टाका. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही गुलाब भरता येऊ लागला. १८४० पर्यंत अशा नमुन्यांची संख्या चौदा हजारांवर गेली होती, असं त्या काळच्या एका इंग्रजी हस्तपुस्तकात नोंदलेलं आहे. हे वेड मिशनच्या शाळांमधून आपल्याकडे आलं. आजीच्या माहेरी भिंतीवर काचेच्या चौकटीत दुसुतीवरचा पोपट किंवा 'सुस्वागतम' टांगलेलं आठवतंय? ते याच बर्लिनवाल्या घराण्यातलं.

पुढे दोरा विकणाऱ्या कंपन्यांनी एक युक्ती काढली. नमुना जवळजवळ फुकट द्या, दोरा विका. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या म्युलूझ गावच्या डीएमसी कंपनीची गाठ तेरेझ द दिल्मों या बाईंशी पडली. बाईंचा १८८६ चा भरतकामाचा कोश अनेक भाषांत गेला. पान उलटावं तिथे कुठल्या नंबरचा दोरा वापरावा ते लिहिलेलं. आपल्याकडे अँकरच्या लडीसोबत नमुन्यांची पत्रकं मिळायची, मासिकांत भरतकामाची पानं यायची, ती कापून ठेवली जायची, मैत्रिणीला दिली जायची, मैत्रीण ट्रेसिंग करून परत करायची. कुणी ओरडलं नाही. ओरडेल कोण? जितक्या हातांत नमुना, तितक्या लडी विकल्या जाणार.

मशीन आलं आणि हे गणित फिरलं.

त्याच म्युलूझमध्ये १८२८ साली जोझुए हाइलमानने भरतकामाचं यंत्र बनवलं. पुढे स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनने ते उचलून धरलं. १८६३ मध्ये इझाक ग्र्योब्लीने शिफली मशीन काढलं. शिफली म्हणजे छोटी होडी. त्यातला धोटा होडीच्या आकाराचा म्हणून हे नाव. कामगार सहापट मोठं काढलेलं चित्र पुढ्यात ठेवायचा आणि एका काट्याने ते टाक्याटाक्याने गिरवायचा. तो काटा हलला की मशीनवरच्या शेकडो सुया एकदम तितक्याच हलायच्या. १८९८ मध्ये ग्र्योब्लीच्या मुलाने माणसाच्या जागी भोकं पाडलेली कागदी पट्टी लावली. नक्षी आता भोकांत लिहिली जाऊ लागली. सूरत-मुंबईत आजही डिझाइन बनवण्याला 'पंचिंग' म्हणतात तो शब्द इथला. कागद गेला, भोकं गेली, शब्द टिकला.

१९१० च्या आसपास जगातलं निम्मं मशीन-भरतकाम सेंट गॅलनच्या परिसरात होत होतं. एवढा धंदा उभा राहिल्यावर मग आठवण झाली कायद्याची. स्वित्झर्लंडने एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ पेटंट कायद्याशिवाय काढला. पेटंट आणि डिझाइनचे कायदे त्यांनी केले ते १८८८ मध्ये. दुसऱ्याचं बघून शिकायचं तेव्हा कायदा नको, आणि आपलं लोक बघायला लागले की कायदा हवा. हे मी स्विस लोकांना नावं ठेवायला लिहीत नाही. सगळे असेच वागले आहेत.

१९८० च्या दशकात हे काम कॉम्प्युटरवर आलं. १९९० मध्ये जानोमेने घरगुती भरतकामाचं मशीन आणलं. त्यात मेमरी कार्ड घालायचं, बटण दाबायचं, बस्स. ज्या वस्तूला दोऱ्यासोबत जवळजवळ फुकट वाटायची सवय होती ती आता स्वतःच विकायची वस्तू झाली.

आता फाइलमध्ये नेमकं असतं काय, ते बघू. कारण भांडणाची मेख तिथे आहे. आपल्याकडे सगळीकडे चालणारी डीएसटी फाइल घ्या. ती चित्र नसतेच. सुई इथून इतकी उजवीकडे, इतकी वर, टाका घाल, पुढे जा, थांब, रंग बदल. एवढंच. एका टाक्याला तीन बाइट लागतात. वीस हजार टाक्यांचं अख्खं डिझाइन साठ केबीमध्ये बसतं. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारं गुलाबाचं 'शुभ सकाळ' याच्यापेक्षा जड असतं.

पण या साठ केबीत अक्कल किती असते ते पंचिंगवाल्याला विचारा. टाके पडतात तसं कापड ओढलं जातं. गोल काढलं तर भरून झाल्यावर अंडं दिसतं. म्हणून गोल आधीच उलट्या बाजूने थोडा मोठा धरावा लागतो. किती? ते कापडावर अवलंबून. खणाला वेगळं, नेटला वेगळं, टी-शर्टला वेगळं. वरच्या टाक्यांखाली आधाराचे टाके घालावे लागतात, नाहीतर मोराचा गळा धुतल्यावर बसतो. पिसाऱ्यातल्या टाक्यांची दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो, मग मोर जिवंत वाटतो. टाके फार दाट झाले की दोरा तुटतो, कधी कापडाला भोक पडतं. एकातून दुसऱ्या पाकळीत कमीत कमी उड्या मारून जायचं, नाहीतर मागचे दोरे कापण्यात मजुरी जाते. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप डिझाइन करायचं बटण असतं. त्यातून निघालेला मोर आणि हाताने पंच केलेला मोर शेजारी ठेवले तर लहान पोरही फरक सांगेल.

म्हणजे मोर सगळ्यांचा. हा मोर सुईने कसा चालायचा याचा रस्ता मात्र एका माणसाने बसून आखलेला.

हा फरक न ओळखल्याने अमेरिकेत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २००० नंतर तिथल्या डिझाइन कंपन्यांनी मिळून एक आघाडी केली, एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअर प्रोटेक्शन कोअलिशन. लिलावाच्या साइटवर चोरीच्या डिझाइनांच्या सीडी स्वस्तात विकल्या जात होत्या, कंपन्या बुडत होत्या, ही तक्रार खरीच होती. पण आघाडीने विकणाऱ्यांबरोबर विकत घेणाऱ्यांनाही गाठलं. पत्रं गेली: तुम्ही कॉपीराइट मोडला आहे, शेकडो डॉलर भरा, नाहीतर कोर्टात या. ज्यांना पत्रं गेली त्यांत नातवंडांच्या फ्रॉकवर ससे भरणाऱ्या आज्या मोठ्या संख्येने होत्या. घेतलेला माल चोरीचा आहे हे बहुतेकींना ठाऊकही नव्हतं. त्या आपसांत बोलायला लागल्या, आघाडीवर टीका करायला लागल्या, तर २००६ मध्ये टीका करणाऱ्या गटाच्या सदस्यांची माहिती मागणारं समन्स निघालं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था या बायकांच्या बाजूने उभी राहिली. माझ्या मते त्या आघाडीने सर्वांत जास्त नुकसान केलं ते डिझाइन करणाऱ्यांचंच. न्याय्य मागणीला वसुलीची कळा आली.

त्याच वर्षी तिकडच्या एका अपील कोर्टाचा निकाल आला, अॅक्शन टेप्स विरुद्ध मॅटसन. डिझाइनची मेमरी कार्डं भाड्याने दिल्याबद्दल कंपनीने दावा लावला होता. तिकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅम भाड्याने द्यायला मनाई आहे, आणि कार्डावर प्रोग्रॅम आहे, हा कंपनीचा मुद्दा. कोर्ट म्हणालं, तुम्ही नोंदणी केलीत डिझाइनांची, प्रोग्रॅमची नाही. दावा गेला. निकाल तांत्रिक आहे, पण नक्षी वेगळी आणि तिला चालवणारा प्रोग्रॅम वेगळा, हे त्यात कोर्टाने पाहिलं.

आता आपल्याकडे या.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १५ आहे. त्याचं दुसरं पोटकलम शिवणकाम-भरतकामातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. जे डिझाइन, डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते डिझाइन असलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. मोजायच्या त्या मालकाने स्वतः काढलेल्या, किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने काढलेल्या वस्तू. म्हणजे चोराने हजार ब्लाउज काढले तर ते मोजत नाहीत. तुम्ही इमानदारीने एक्कावन्नावा काढलात की तुमचा हक्क गेला. कागदावरचं मूळ चित्र चित्र म्हणून तुमचं राहील, पण कापडावर उतरलेल्या नक्षीबद्दल तक्रार करता येणार नाही.

फाइल विकणाऱ्याची गत आणखी वाईट. त्याने फाइल तीस दुकानांना रीतसर विकली आणि प्रत्येकाने दोन-दोन ब्लाउज भरले, तर साठ झाले की. डिझाइन जितकं लोकांना आवडेल तितकी मालकी लवकर संपणार.

हा पन्नासचा आकडा आपल्याकडे ब्रिटिश नियमांतून आला. तिकडे तो नियम आता तसा उरलेला नाही, आपण मात्र जपून ठेवलाय. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितु कुमार या नावाने कपडे विकणाऱ्या रितिका कंपनीने बिबावर नकलेचा दावा केला होता. न नोंदवलेली डिझाइनं, पन्नासच्या वर कपडे. रितिका हरली. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयात तरुण ताहिलियानींच्या कंपनीचा हक्क मात्र टिकला, कारण त्यांचे कपडे पन्नासच्या आत होते. महागडे आणि मोजके. म्हणजे लाखाचा लेहंगा करणाऱ्याचा कॉपीराइट शाबूत आणि पाचशे रुपयांत ब्लाउज भरून देणारीचा महिन्याभरात खलास. कायद्याच्या मनात असं नसेल, पण होतं तसंच.

मग नोंदणी करा की, असं वकील म्हणतील. करता येते. २००० च्या डिझाइन कायद्यात दहा वर्षं, आणि अर्ज केला तर आणखी पाच वर्षं संरक्षण आहे. काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत कापडाच्या पाचव्या वर्गात भरतकामाला स्वतंत्र उपवर्गही आहे. पण अर्ज करायचा तो डिझाइन लोकांना दाखवण्याआधी. आणि जी बाई दर आठवड्याला चार नवे गळे आणि सहा नव्या बाह्या करते, स्टेटसला टाकल्याशिवाय जिच्याकडे ऑर्डर येत नाही, तिने कशाकशाचे अर्ज भरायचे? ही सोय गिरणीसाठी केलेली आहे, गल्लीसाठी नाही.

दुसरीकडे त्याच कॉपीराइट कायद्यात कलम ६३ आहे. जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. उद्या कुठल्या मोठ्या कार्टून कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन तुमच्या बाजारपेठेत आला, तर शाळेच्या दप्तरावर त्यांचा उंदीर भरणारा दुकानदार थेट आत जाऊ शकतो. त्याच दुकानदाराचं स्वतःचं डिझाइन कुणी उचललं तर पन्नासची मोजदाद सुरू.

माझं मत विचाराल तर सांगतो, पटलं नाही तर भांडा.

नक्षी बघून आपण आपली काढणं, याला मी चोरी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर आउग्सबुर्गपासून आजीच्या दुसुतीपर्यंत सगळा इतिहासच चोरीचा ठरेल. पण दुसऱ्याने पंच केलेली फाइल जशीच्या तशी पुढे ढकलणं वेगळं. राजमुद्रा महाराजांची, म्हणजे सगळ्यांची. ती अठरा हजार टाक्यांत नीट बसवणारा पोरगा मात्र एक आहे, आणि त्या फाइलचे दोन-तीनशे रुपये हीच त्याची मजुरी. ती फाइल तुम्ही ग्रुपवर टाकलीत की त्याची पुढची तीस गिऱ्हाइकं गेली. 'मी पैसे घेतले नाहीत, फुकट दिली' हे सांगून त्याचं काही भरून येत नाही.

उलट बाजूही आहे. काही डिझाइनवाले फाइल विकताना अट घालतात की यावरून भरलेले कपडे विकायचे नाहीत. हे मला मान्य नाही. कापड तिचं, दोरा तिचा, वीज तिची, रात्र तिची. फाइलचे पैसे तिने दिलेत. भरलेल्या ब्लाउजवरही आपलाच हक्क सांगणं म्हणजे कुदळ विकून विहिरीच्या पाण्यात वाटा मागणं.

आणि एक हिशेब तर कुठल्याच कलमात बसत नाही. तांड्यावरच्या बंजारा बाईने आरसे-कवड्या लावून भरलेल्या फडकीची नक्षी फोटो काढून पंच होते, मशीनवर मीटरने भरली जाते आणि 'ट्रायबल' म्हणून विकली जाते. कॉपीराइट सांगणार कोण? तिच्या आजीच्या आजीने ती कुणाकडून घेतली याची नोंद नाही. जीआय टॅग नावाचं रक्षण करतो, नक्षीचं नाही. पैठणीचंही तेच. जीआयच्या ठरलेल्या भागाबाहेर विणलेल्या साडीला पैठणी म्हणून विकता येणार नाही, पण तिचा मोर कुणीही ब्लाउजच्या पाठीवर भरू शकतो. भरू दे. फक्त छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या बुटीकमध्ये 'हँडमेड' लिहून त्याला चौपट भाव लावायला नको.

आमदार-खासदारांपर्यंत पोचवायची मागणी माझ्या लेखी एकच. कलम १५ मधली पन्नासची अट लहान कारागिरांपुरती तरी बदला, किंवा डिझाइन नोंदणीत त्यांच्यासाठी एका अर्जात पन्नास-शंभर नक्ष्यांचा गठ्ठा टाकायची सोय करा, तीही जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत.

तोवर आपल्या हातात आहे ते सांगा. तुमच्या भागात पंचिंगचा दर काय चाललाय? हजार टाक्यांमागे घेतात की डिझाइनमागे? आणि एकदा दिलेली फाइल पुढे किती दुकानांत सापडली? पंचिंग करणारं कुणी वाचत असेल तर आवर्जून लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये.